बजावणीची वेळ

“मोहर आज वर गेलीय,” सत्यवती कानडीत म्हणाली आणि माझ्या हातातल्या लिफाफ्याकडे न बघता टेबलावरची पेनं सरळ करू लागली.

“वर म्हणजे कुठं?”

“साहेबांच्या खोलीत. मीटिंग चाललीय. बसा सांबरेकर, कॉफी मागवते.”

त्या सरकारी कार्यालयाच्या टपालखिडकीवर मी एकोणीस वर्षं जात होतो. आवक टपालाची गोल मोहर खिडकीच्या गजाला सुतळीने बांधलेली असायची, बँकेत पेन बांधतात तशी. आपण टपाल द्यायचं, सत्यवती मोहर उमटवणार, खाली तारीख आणि वेळ लिहिणार, आपली प्रत आपल्या हातात. संप झाले, करोना झाला, मंत्री बदलले, पण मोहर कधी जागची हलली नव्हती. आज गजाला नुसती सुतळी लोंबत होती. भिंतीवरच्या घड्याळात बारा वाजून वीस मिनिटं झाली होती.

मी दिवाणी कोर्टातला अमीन, परसू सांबरेकर. मूळचा बेळगावजवळचा, एकतीस वर्षं बेंगळुरात. काम सांगायला सोपं आहे. कोर्टाचे समन्स, नोटिसा, हुकूम ज्याचे त्याला नेऊन द्यायचे आणि कोणाला, कुठे, किती वाजता दिले ते लिहून आणायचं. याला बजावणी म्हणतात. न्यायाधीश हुकूम देतात हे सगळ्यांना माहीत असतं. तो हुकूम कोणाच्या तरी पायांनी चालत जातो, हे कोणाच्या ध्यानीमनी नसतं. ते पाय माझे. पोस्टमनला लोक दिवाळीला पोस्त देतात, मला पाहिलं की दार लावून घेतात.

दार लावून घेतलं तरी माझं काही अडत नसे. घेणारा नाही म्हणाला किंवा आत लपून बसला तर कायद्यात सोय आहे. दोन साक्षीदार उभे करायचे, कागद दाराला चिकटवायचा, वेळ लिहायची, झाली बजावणी. त्यासाठी माझ्या पिशवीत मुरंब्याच्या जुन्या बाटलीत खळ असते. दर सोमवारी सकाळी माझी बायको विठाबाई मैदा शिजवून ती करून देते आणि किडे लागू नयेत म्हणून चिमूटभर मोरचूद घालते. त्या खळीने मी भाडेकरूंची दारं चिकटवली, विधवांची चिकटवली, एकदा तर आत बाळंतीण कण्हत असताना बाहेर ब्रश फिरवला. पाच मिनिटांच्या वर मी कोणासाठी थांबलो नाही. याचा मला अभिमान होता, हेही सांगून टाकतो.

आज माझ्या शेजारी पवित्रा उभी होती. वय तिशीच्या आसपास, एका इस्पितळाच्या प्रयोगशाळेत काम करणारी. तिच्या आईचं, कौशल्याबाईंचं घर बेळ्ळंदूर तळ्याच्या कडेला होतं. पुढच्या खोलीत पिठाची गिरणी, मागे दोन खोल्या. सासऱ्यांनी बांधलेलं, पन्नास वर्षांचं. शुक्रवारी संध्याकाळी पाच वाजता त्यांच्या हातात याच कार्यालयाची नोटीस पडली की घर तळ्याच्या हद्दीत येतं, सोमवारी पाडणार. शनिवार-रविवार कोर्टाला सुटी असते हे अशा नोटिसा काढणाऱ्यांना पक्कं ठाऊक असतं. घराच्या मागेच अठरा मजली इमारत आहे, ती तळ्याला अधिक जवळ. तिला नोटीस नव्हती. तळ्याची हद्द त्या इमारतीला वळसा घालून कौशल्याबाईंच्या उंबऱ्याशी येत होती.

सोमवारी कोर्ट बसल्या बसल्या त्यांच्या वकिलाने अर्ज केला आणि अकरा वाजून पाच मिनिटांनी न्यायाधीशांनी स्थगिती दिली. पुढील हुकुमापर्यंत बांधकामाला हात लावू नये. अमिनाने हुकूम ताबडतोब बजावावा. कौशल्याबाईंनी हुकुमाचा फोटो फोनवर जागेवरच्या इंजिनिअरला दाखवला, तर तो म्हणाला, फोटो काय कोणीही बनवतं, कोर्टाकडून आमच्या कार्यालयात येऊ द्या, तिथून मला फोन येऊ द्या. म्हणून पवित्राने मला स्कूटरच्या मागे बसवून जयनगरपर्यंत असं आणलं होतं की सिग्नलला मी डोळे मिटून घेत होतो.

आणि मोहर वर गेली होती.

“अंकल, मीटिंग किती वेळ?” पवित्राने विचारलं.

“येईल की. सरकारी मीटिंग हाय, चहा संपला की उठत्यात.”

मी बाकावर बसलो. कॉफी आली, मी प्यायलोसुद्धा. पवित्रा उभीच होती. पावणेएकला तिचा फोन वाजला. पलीकडून आईचा आवाज मला बाकावर ऐकू येत होता. जेसीबी आली होती, गल्लीच्या तोंडाशी उभी होती.

“अंकल, जेसीबी आली.” तिने फोन माझ्या तोंडासमोर धरला. पिवळ्या यंत्राच्या पुढे एक ठेंगणी बाई पिठाने पांढऱ्या झालेल्या हातांनी काहीतरी सांगत होती.

मी उठून खिडकीशी गेलो. “सत्यवतीम्मा, लिफाफा तरी घ्या. मोहर मागनं मारा.”

“मोहरेशिवाय कागद आत घ्यायचा नाही, असा निरोप आहे.”

“कधीपासनं?”

“आज सकाळपासून,” ती म्हणाली, आणि मग आवाज इतका खाली आणला की मला खिडकीला कान लावावा लागला. “सांबरेकर, माझी दोन वर्षं राहिलीत. मी काही करू शकत नाही. पण तुमच्याजवळ ती बाटली असते ना?”

मी ऐकलं नाही असं दाखवलं.

ते ऐकलं नाही असं का दाखवलं, ते सांगायला मागे जावं लागेल. चौदा-पंधरा वर्षांपूर्वी दुसऱ्याच एका खात्याने असंच मला तिष्ठत ठेवलं होतं. तेव्हा माझ्या अंगात रग होती. मी दोन रिक्षावाले साक्षीला बोलावले आणि त्या खात्याच्या भल्यामोठ्या सागवानी दाराला, अशोकस्तंभाच्या बरोबर खाली, हुकूम चिकटवून आलो. आठ दिवसांनी त्या खात्याच्या सचिवांचं पत्र आमच्या कोर्टाला आलं. विषय: सरकारी इमारतीचे विद्रूपीकरण. मला वाटलं, कोर्ट त्यांना चांगलं झापणार. कोर्टाने उत्तर पाठवलं की दोन संस्थांमधलं परस्पर सौजन्य आम्ही जाणतो, संबंधित कर्मचाऱ्याला समज देण्यात आली आहे, असं पुन्हा घडणार नाही. समज म्हणजे मेमो, आणि पाठोपाठ होसकोट्याला बदली. तीन वर्षं मी पहाटे उठून बसला लोंबकळत होसकोट्याला गेलो. परत आलो तेव्हा आमचे नाजर, म्हणजे अमिनांचे वरिष्ठ, पद्माकरसाहेब मला बाजूला घेऊन म्हणाले, “परसू, सरकारी कार्यालयात मोहर मिळेपर्यंत थांबायचं. काय? आपण त्यांच्या दाराला कागद लावायचे नाहीत.” हे कुठे लिहिलेलं नाही. पण तेव्हापासून आमच्याकडचा एकही अमीन सरकारी दाराला खळ लावत नाही.

आणि कोर्ट तरी काय करणार? सरकारला थांबवायचा अधिकार कोर्टाचा, पण कोर्टाच्या गळक्या छताच्या दुरुस्तीचा अंदाज सरकारच्या खात्याने काढायचा. आमच्या विभागात दर पावसाळ्यात चार बादल्या मांडतो, त्या बादल्यांची मागणीसुद्धा सरकारकडे जाते. कागद, खुर्च्या, साहेबांच्या बंगल्याचं रंगकाम, सगळं तिकडून. शाळेच्या नागरिकशास्त्रात आम्हाला तराजूचं चित्र होतं, तीन पारड्यांचं. एकाने दुसऱ्याला आवरायचं. गुरुजींनी ते पाठ करून घेतलं होतं. कोण कोणाकडे बादली मागतो हे त्यात नव्हतं.

एक वाजून दहा मिनिटांनी पवित्राचा धीर सुटला.

“अंकल, तुम्ही चिकटवा ना! वकील बोलले, घेत नाहीत तर दाराला लावायचं. तुम्ही ते करता ना?”

“ते घरांना, पोरी. सरकारी दाराला न्हाई करत.”

“का? ते दार नाही?”

“थांब की जरा. त्यांनी न्हाई कुठं म्हटलंय? मोहर आली की झालं.”

तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी नजर खाली घेतली. मग ती वाकली, बाकावरच्या माझ्या पिशवीत हात घातला आणि खळीची बाटली बाहेर काढली. झाकण फिरवायला लागली. “मी लावते. द्या तो कागद.”

लोक बघायला लागले. दारावरचा सुरक्षारक्षक दोन पावलं पुढे आला. मी उठलो आणि तिच्या हातातून बाटली काढून घेतली. जोर लावावा लागला, तिची बोटं घट्ट होती.

“तू लावलास तर ती बजावणी होत न्हाई,” मी म्हणालो. “मला लावाय पायजे.”

“मग लावा!”

मी झाकण घट्ट केलं आणि बाटली पिशवीत टाकली.

ती रडली वगैरे नाही. “बसा तुम्ही. मोहर घेऊनच या,” एवढं म्हणाली आणि स्कूटरची किल्ली घेऊन निघून गेली. दीड वाजता खिडकी जेवणासाठी बंद झाली. सत्यवतीने आतूनच फळी लावली. मी बाकावर बसून राहिलो. विठाबाईने डब्यात भाकरी आणि वांग्याची भाजी दिली होती, मी ती खाल्ली. लोकांना वाटेल अशा वेळी घास कसा उतरला. उतरला. एकतीस वर्षं दुसऱ्यांच्या दारात उभं राहून घास उतरवायची सवय असते.

सव्वादोनला खिडकी उघडली. मोहर नव्हती. पावणेतीनला माझ्या फोनवर पवित्राचा एक फोटो आला, खाली एक अक्षर नाही. फोटोत विटांचा ढीग होता, त्यातून गिरणीचा पट्टा बाहेर आला होता, आणि मध्ये दाराची चौकट, दारासकट, तेवढी उभी होती. दाराला कडी घातलेली होती.

तीन वाजता सत्यवतीच्या टेबलावरचा फोन वाजला. “हं सर,” ती म्हणाली. “सरी सर.” म्हणजे बरं, ठीक. पाच मिनिटांत शिपाई जिना उतरून मोहर घेऊन आला. सत्यवतीने लिफाफा घेतला, फोडला, मोहर उमटवली, खाली तारीख घातली आणि लिहिलं ३.०५. प्रत माझ्याकडे सरकवताना ती माझ्याकडे बघू शकली नाही. मीही तिच्याकडे बघितलं नाही. मग ती मोहर पुन्हा गजाच्या सुतळीला बांधायला लागली, आणि गाठ नीट बसेना म्हणून तिने ती दोनदा सोडली.

संध्याकाळी अहवाल लिहायला बसलो. छापील फॉर्म आहे. बजावणीची तारीख, बजावणीची वेळ, आणि शेवटी शेरा. वेळेच्या रकान्यात आम्ही मोहरेवरची वेळ लिहितो, कायम. मी ३.०५ लिहिलं. शेऱ्याच्या रकान्यावर पेन टेकवलं. ‘बारा वीसपासून हजर होतो, कागद घेण्यात आला नाही’, एवढं एक वाक्य. रकान्यात सहज मावलं असतं.

“काय विचार करतोस?” पद्माकरसाहेबांनी टेबलापलीकडून विचारलं.

“शेरा लिहू म्हटलं. मी बारा वीसला गेलो होतो.”

“मोहर आहे ना?”

“हाय.”

“मग शेरा कशाला?”

मी रकाना कोरा ठेवला आणि सही केली.

पुढे चार महिन्यांनी कोर्टाच्या अवमानाचा अर्ज सुनावणीला आला. कौशल्याबाईंचं म्हणणं होतं की स्थगिती माहीत असूनही घर पाडलं. कार्यालयाचं म्हणणं होतं की हुकूम आम्हाला तीन वाजून पाच मिनिटांनी मिळाला, पाडकाम दोन चाळीसला संपलं होतं, आम्हाला काय स्वप्न पडणार? मधली पंचवीस मिनिटं नाहीत, बारा वीसपासूनचे पावणेतीन तास कुठे गेले ते सांगू शकणारा माणूस एकच होता. मला साक्षीला उभं केलं.

आयुष्यभर मी कोर्टाचे कागद बाहेर नेले, पण पिंजऱ्यात उभा राहिलो पहिल्यांदा. समोर बाकावर कौशल्याबाई बसल्या होत्या, नीट विंचरलेले केस, इस्त्रीची सुती साडी. त्यांना घर नव्हतं आणि साडीला इस्त्री होती. मी बारा वीसला पोचलो होतो, मोहर वर गेली होती, मला बसवून ठेवलं, हे सगळं मी त्यांच्या वकिलाला सांगितलं. खरं ते सगळं सांगितलं. कौशल्याबाईंनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं, आणि मला क्षणभर वाटलं, जमलं.

मग सरकारी वकील उठले. तरुण होते, आवाज मऊ.

“किती वर्षं सेवा झाली आपली?”

“एकतीस.”

“घेणाऱ्याने कागद नाकारला तर आपण काय करता?”

“दाराला चिकटवतो.”

“नेहमी?”

“नेहमी.”

“त्या दिवशी साहित्य जवळ होतं?”

“होतं.”

“चिकटवलात?”

“नाही.”

“म्हणजे कोणी नाकारलं नव्हतं.”

“नाही म्हटलं नाही,” मी म्हणालो. “बसा म्हटलं.”

मागच्या बाकांवर दोघेतिघे हसले. सरकारी वकिलांनी माझा अहवाल वर धरला. “आणि शेऱ्यात आपण काही लिहिलेलं नाही. बारा वीस हा आकडा आज पहिल्यांदाच ऐकतो आहोत.”

न्यायाधीशांनी चष्मा काढला. माणूस वाईट नव्हता, स्थगिती त्यांनीच दिली होती. “सांबरेकर,” ते म्हणाले, “मी ‘ताबडतोब’ असं लिहिलं होतं. तुम्ही दाराला का लावलं नाही?”

उत्तर माझ्या तोंडात होतं. होसकोटे. मेमो. आपल्याच कोर्टाने लिहिलेलं ते सौजन्याचं पत्र, तारीख आणि जावक क्रमांकासकट मला पाठ होतं. दारापाशी पद्माकरसाहेब हाताची घडी घालून उभे होते. माझ्या निवृत्तीला सात महिने होते. सात महिन्यांत मला कोणी फासावर देणार नव्हतं, हे आता कळतं. तेव्हा फक्त ती पहाटेची बस डोळ्यांपुढे आली.

“सरकारी कार्यालयाला लावायची पद्धत नाही, स्वामी.”

“ही पद्धत कुठे लिहिली आहे?”

“कुठंच नाही.”

न्यायाधीशांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. मला वाटतं, त्यांना समजलं. त्यांना समजलं म्हणूनच त्यांनी पुढे काही विचारलं नाही, असं मला अजून वाटतं आणि त्याचा राग येतो. विचारलं असतं तर उत्तर कामकाजात लिहावं लागलं असतं.

निकाल आठवड्याने आला. हुकूम तीन वाजून पाच मिनिटांनी बजावला गेला हे कोर्टाच्याच कर्मचाऱ्याच्या अहवालावरून सिद्ध होतं. त्याआधी अधिकाऱ्यांना अधिकृत माहिती होती असं म्हणता येत नाही. अर्ज फेटाळण्यात येतो. शेवटी एक ओळ माझ्यासाठी होती: अमिनाने अधिक तत्परता दाखवायला हवी होती. सगळ्या प्रकरणात दोष सापडला तो एवढाच. सरकार सुटलं, कोर्टाचा अवमान झालाच नव्हता म्हणून कोर्टाचा मानही शाबूत राहिला, दोघांनी एकमेकांना कसं छान सांभाळून घेतलं. मी हा निकाल स्वतःच्या हाताने फाइलला लावला.

व्हरांड्यात पवित्रा भेटली. मी थांबलो, ती थांबेल असं वाटलं नव्हतं.

“बाटली माझ्या हातात होती, अंकल,” ती म्हणाली आणि जिना उतरून गेली.

त्या रात्री मी विठाबाईला सांगितलं, आता खळ करू नकोस. तिने कारण विचारलं. मी म्हटलं, दारं कमी झाली. तिने माझ्याकडे पाहिलं आणि सोमवारी पुन्हा बाटली भरून ठेवली.

निवृत्तीला सहा आठवडे उरले असताना बेळ्ळंदूरचा एक कागद निघाला. कार्यालयाने मूळ दाव्यात नवा अर्ज दिला होता: ज्या घराच्या संरक्षणासाठी दावा होता ते घर आता अस्तित्वात नाही, सबब दाव्यात काही उरलेलं नाही, तो निकाली काढावा. कौशल्याबाईंच्या वकिलाने मधल्या काळात काम सोडलं होतं, त्यामुळे नोटीस थेट त्यांच्या नावे होती. पत्ता तोच, घर क्रमांकासकट.

आमचा दुसरा अमीन देवाप्पा म्हणाला, “दे इकडे, परसू. मी जाऊन लावून येतो.”

“कशाला लावतोस?” मी म्हणालो. “तिथं दार न्हाई.” आणि कागद माझ्याच पिशवीत टाकला.

दार होतं. गल्लीच्या टोकाला मी पोचलो तेव्हा पहिल्यांदा तेच दिसलं. विटांचा ढीग कोणीतरी एका बाजूला सारला होता. गिरणीची दोन जाती वर-खाली ठेवून त्यांचं बसायला केलं होतं. निळ्या ताडपत्रीचं एक खोपटं उभं होतं, आणि त्याला रस्त्याच्या बाजूने भिंत म्हणून ते जुनं हिरवं दार आडवं न टाकता सरळ उभं केलेलं होतं, कडीकोयंड्यासकट, घर क्रमांकाच्या पाटीसकट. मागे अठरा मजल्यांच्या बाल्कन्यांत कपडे वाळत होते.

समोर एक करंजाचं झाड आहे. मी त्याच्याखाली उभा राहिलो. घड्याळात बरोबर बारा वाजले होते, कुठल्यातरी कारखान्याचा बाराचा भोंगा होत होता. एकतीस वर्षांत हजारो दारं वाजवली, हे वाजवायला हात उचलेना. देवाप्पाला दिलं असतं तर बरं झालं असतं, असंही वाटलं. परत जाऊन ‘पत्त्यावर घर आढळले नाही’ असा शेरा मारता आला असता, आणि तो खोटाही ठरला नसता. मी पिशवीतून कागद काढला, परत आत टाकला, परत काढला. शेवटी रस्ता ओलांडला आणि दारावर बोटाने टकटक केलं.

“कोण?” आतून आवाज आला.

“कोर्टाचा अमीन, अक्का.”

ताडपत्रीचा कोपरा बाजूला करून कौशल्याबाई बाहेर आल्या. हातात चाळण होती. मला ओळखलं, चेहऱ्यावर काही दिसलं नाही. माझ्या पिशवीकडे बघितलं.

“चिकटवू नका,” त्या म्हणाल्या. “मी आहे की घरात. आणा इकडं.”

त्यांनी चाळण जात्यावर ठेवली, पदराला हात पुसले आणि कागद दोन्ही हातांनी घेतला. “चष्मा फुटला त्या दिवशी. काय लिवलंय ते तुमीच सांगा, अण्णा.”

सांगायचं माझं काम नव्हतं. मी सांगितलं. “सरकारचं म्हणणं हाय, आता घर ऱ्हायलं न्हाई, तवा दावा काढून टाकावा.”

“घर कुणी पाडलं ते लिवलंय का?”

“न्हाई.”

“सरी,” त्या म्हणाल्या.

रस्त्यावरून एक पाण्याचा टँकर गेला. त्यांनी नोटीस घडी करून कमरेला खोचली. मला जे बोलायचं होतं ते मी महिनोन्‌महिने मनात घोळवलं होतं, त्यात होसकोटं होतं, नाजर होते, पत्र होतं. तोंडातून निघालं ते एवढंच: “अक्का, त्या दिवशी मी चिकटवाय पायजे होतं.”

“होय,” त्या म्हणाल्या. “पायजे होतं.”

नका हो मनाला लावून घेऊ, तुमचा काय दोष, असलं काही त्या पुढे बोलतील म्हणून मी थांबलो होतो. त्या बोलल्या नाहीत. मी पोचपावतीची प्रत आणि पेन पुढे केलं. त्यांनी कागद दारावर टेकवला आणि सावकाश कानडीत सही केली. मग बोट खालच्या रकान्यावर नेलं.

“हितं वेळ लिवायची ना?”

“होय.”

“किती वाजले?”

मी घड्याळ पाहिलं. “बारा वाजून पंचवीस.”

त्यांनी मान हलवली. “तुमी बाराला आलात. त्या झाडाखाली उभं होता, मी आतनं बघत होते. भोंगा झाला तवाच आलात.”

मी घड्याळाचा हात खाली घेतला.

“आलात ती वेळ लिवायची,” त्या म्हणाल्या. मग दारावर टेकवलेल्या कागदावर डोळे बारीक करून त्यांनी एकेक आकडा काढला, १२.००, आणि पेनाला टोपण लावून ते माझ्या हातात दिलं.